ढगळ कपड्यांचं काय करायचं

गेल्या चौदा महिन्यांत माझं वजन 98 वरून 77 वर आलं. एकवीस किलो. हा आकडा डोळ्यांसमोर येत नसेल तर असं बघा, घरी जो एलपीजीचा सिलिंडर येतो त्यात गॅस असतो 14.2 किलो. तेवढा गॅस, आणि वर जवळजवळ सात किलो कांदे. हे सगळं घेऊन मी रोज ऑफिसचा जिना चढत होतो (बरं, खोटं कशाला बोला, लिफ्टनंच जात होतो).

कसं कमी केलं ते सांगणारा हा लेख नाही. महाराष्ट्रात या विषयाचे दोन संप्रदाय आहेत. दिवसातून दोनदाच जेवा म्हणणाऱ्या डॉ. दीक्षितांचा एक, आणि दर दोन तासांनी थोडं थोडं खा म्हणणाऱ्या ऋजुता दिवेकरांचा दुसरा. मी कुठल्या दिंडीत चाललो हे सांगितलं की निम्मे मित्र तुटतील. लेख आहे तो माझ्या कपाटाबद्दल.

वजन उतरतं ते सगळीकडून सारखं उतरत नाही. आधी घड्याळाचा पट्टा सैल होतो, मग अंगठी फिरायला लागते. मग एक दिवस शर्टाचं वरचं बटण लावलेलं असूनही कॉलरमधून वारा जातोय हे लक्षात येतं. पट्ट्याला मी खिळा आणि हातोडी घेऊन तीन जादा भोकं पाडली. पट्टा आवळला की पँटीला पुढे अशा चुण्या पडायच्या, की बायको म्हणाली, "नऊवारी नेसलायस का?" पोट कमी झालेलं फक्त मला आणि वजनकाट्याला माहीत. बघणाऱ्याला दिसायचा तो मोठ्या माणसाच्या कपड्यात शिरलेला एक छोटा माणूस.

आणि अशा माणसाला लोक काय विचारतात? "वा, फिट झालास" असं म्हणणारे थोडे. ऑफिसात आवाज खाली आणून "इंजेक्शन चालू आहे का?" हा प्रश्न. 2025 मध्ये मौंजारो आणि वेगोवी भारतात आल्यापासून कुणी स्वतःच्या पायांनी चालून बारीक होऊ शकतं यावर लोकांचा विश्वासच उडालाय. नातेवाइकांचा प्रश्न जुनाच. "काय रे हे? शुगर निघाली का?" आपल्याकडे माणूस 'भरला' की तो सुखी, आणि 'उतरला' की काहीतरी बिनसलंय. शब्दच बघा ना. तब्येत 'सुधारली' म्हणजे जाड झाला!

एक व्यक्ती मात्र काहीच विचारत नव्हती. आई. ती फक्त बघायची.

बाबांना डायबेटिस होता. 2013 च्या पावसाळ्यात त्यांचं वजन उतरायला लागलं, मग किडनीचं निघालं, मग डायलिसिस. दर दोन-तीन महिन्यांनी आई त्यांच्या पँटी पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या टेलरकडे न्यायची. कंबर आत घ्यायला. नवीन का घेत नाही असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "भरतील परत, तेव्हा हेच लागतील." 2015 मध्ये बाबा गेले. त्या दोन वर्षांतलं मला हॉस्पिटल तितकंसं आठवत नाही. आठवते ती बाबांची मान आणि कॉलर यांच्यामधली दोन बोटांची जागा.

तीच जागा आता माझ्या कॉलरमध्ये होती. आणि मी ती घालून रोज सकाळी तिच्यासमोर पोहे खायला बसत होतो.

एकदा ती म्हणाली, "तुझी मान दिसते रे हल्ली." मी लगेच फोनवर रिपोर्ट काढला. एचबीएवनसी 6.2 होतं, ते 5.5 झालं. 5.7 ते 6.4 म्हणजे डायबेटिसचा उंबरठा, मी तो उतरून परत अंगणात आलोय, वगैरे सगळं नीट समजावलं. कंबर 104 सेंटिमीटर होती ती 88. आपल्या पुरुषांसाठी 90 च्या आत हवी म्हणतात, म्हणजे तिथेही पास. आईनं चष्मा लावून सगळं वाचलं. चष्मा काढला. "बाबांचे पण मधे मधे चांगले यायचे रिपोर्ट," म्हणाली, आणि माझ्या पोह्यांवर आणखी एक चमचा तूप सोडलं. (पोह्यांवर तूप! प्रकरण गंभीर होतं.)

त्या दिवशी ठरवलं की टार्गेट 75 चं असलं आणि दोन किलो बाकी असले, तरी कपडे आताच. रिपोर्ट तिला पटत नव्हता. तिला जे दिसत होतं ते बदलायला हवं होतं.

पहिल्यांदा गेलो टेलरकाकांकडे. तेच कोपऱ्यावरचे. चौदा पँटी आणि अठरा शर्ट घेऊन. काकांनी एक शर्ट माझ्या अंगावर चढवला, खांद्याची शिवण दंडावर दोन इंच खाली आली होती तिथे बोट ठेवलं आणि शर्टांचा गठ्ठा परत माझ्याकडे सरकवला. बाजू आत घेता येतात, बाही बारीक करता येते, पण खांदा उतरला की संपलं. तो वर घ्यायचा तर बाही पूर्ण उसवायची, मुंढा नव्यानं कापायचा, आणि कॉलर तरीही तशीच ढगळ. त्यापेक्षा नवा शिवलेला परवडतो. पँटीचं त्यातल्या त्यात बरं असतं. दीड-दोन इंच कंबर निमूट आत जाते. त्याच्या पुढे गेलात की मागचे दोन खिसे सरकत सरकत एकमेकांना भेटायला येतात, आणि माणूस मागून विनोदी दिसतो. बाबांच्या शेवटच्या पँटीचे खिसे असेच चिकटलेले होते. चौदांपैकी पाच पँटी काकांनी ठेवून घेतल्या.

मापाची टेप गळ्यात अडकवून ते जरा थांबले. "साहेब, वडिलांच्या पँटी मीच घ्यायचो आत. तुमची तब्येत बरी आहे ना?"

म्हटलं, काका, मुद्दाम कमी केलंय, रोज चालतो.

"मग हरकत नाही," म्हणाले. "पण मार्जिन कापत नाही हां मी. आत दुमडून ठेवतो."

पुढच्या शनिवारी कपाट रिकामं केलं. जाड माणसाचं कपाट म्हणजे कायमची अमावस्या. काळा, गडद निळा, गडद करडा, आणि मौज म्हणून एक गडद हिरवा. आडवे पट्टे एकही नाहीत. कंपन्यांचे टीशर्ट निघाले तेवीस, सगळे डबल एक्सएल. त्यातल्या दोन टीशर्टांवरची प्रॉडक्ट्स कधी रिलीजच झाली नाहीत, टीशर्ट मात्र वेळेवर रिलीज झाले होते. 2020 च्या लॉकडाऊनमधल्या इलॅस्टिकच्या चार ट्रॅकपँट. कॉलेजातली 32 कंबरेची बूटकट जीन्स, जी 'एक दिवस होईल' म्हणून चार घरं बदलताना बरोबर आली होती. घालून बघितली. अजून दोन इंच हवेत.

मग खरा प्रश्न आला. जे मोठं होतं ते सगळं देऊन टाकायचं, की थोडं माळ्यावर ठेवायचं?

आमच्या धंद्यात रोलबॅक प्लॅन नसेल तर कुणी प्रॉडक्शनला हात लावू देत नाही. आणि इथे रोलबॅक होण्याची शक्यता चांगलीच आहे. अमेरिकेतल्या 'द बिगेस्ट लूजर' या टीव्ही स्पर्धेतल्या 14 जणांना संशोधकांनी सहा वर्षांनी परत तपासलं होतं. तो अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी 58 किलो उतरवले होते या लोकांनी, त्यातले 41 परत आले होते. वर त्यांचं शरीर नुसतं बसून असताना अपेक्षेपेक्षा रोज सुमारे 500 कॅलरी कमी जाळत होतं. म्हणजे सिस्टिम स्वतःच जुन्या व्हर्जनवर जायला बघते. स्पर्धेतला तो प्रकार फार टोकाचा होता हे मान्य, पण ते वाचल्यावर माळ्याकडे नजर जातेच.

आईचं मत स्पष्ट होतं. "एकही देऊ नकोस. भरशील परत." अगदी तेच वाक्य. तिच्या तोंडी तो आशीर्वाद होता, आणि मला ते ऐकून पोटात गोळा यायचा. एकाच डबल एक्सएल शर्टाकडे बघून ती म्हणत होती की याच्यात तू परत यावास, आणि मला त्याचीच धास्ती. बायको दुसऱ्या टोकाला. "कपाटात जागा नाहीये. संपला विषय."

मी बायकोच्या बाजूनं गेलो, पण जागेसाठी नाही. घट्ट होणारी कंबर ही वजनाची सगळ्यात भरवशाची घंटा आहे. काट्यावर माणूस महिनोन् महिने उभा राहणार नाही, पण पँट रोज चढवावी लागते. माळ्यावर एक माप मोठं तयार असलं की घंटा वाजायच्या आतच माणूस शिडी लावतो. ज्यांनी सर्व्हर सांभाळलेत त्यांना अलर्ट म्यूट केल्यावर पुढे काय होतं ते सांगायला नको. तेव्हा लग्नातला सूट सोडून (तो कपड्यात मोजत नाहीत) सगळं चार मोठ्या पिशव्यांत भरलं. आईनं त्या पिशव्या बाल्कनीत नेऊन ठेवल्या आणि वर जुनी चादर टाकली. देऊ दिल्या नाहीत. मी वाद घातला नाही.

खरेदीला लक्ष्मी रोडला गेलो, कारण तिथल्या जुन्या सेल्समननं नुसतं बघून माप सांगितलेलं मला अजूनही आवडतं. "चाळीस," तो म्हणाला. मी आयुष्याची दहा वर्षं 44 मध्ये काढलेली. जाता जाता एक सांगतो, बऱ्याच ब्रँडेड फॉर्मल शर्टांवरचा हा 40 किंवा 44 म्हणजे छातीचे इंच नव्हेत, तो कॉलरचा घेर असतो, सेंटिमीटरमध्ये. म्हणजे माझी मान खरंच चार सेंटिमीटरनं उतरली होती. आई बरोबर जागी बघत होती!

बाकी मापांचा आनंदच आहे. एका ब्रँडचा एल तो दुसऱ्याचा एम. परदेशी मापांवर थोडं इकडेतिकडे करून आपली मापं ठरलेली. म्हणूनच निफ्टनं सहा शहरांत 25 हजार लोकांना थ्री-डी स्कॅनरसमोर उभं करून भारतीय शरीराची मापं घ्यायचं काम हाती घेतलं. तोवर ट्रायल रूम जिंदाबाद. खरेदी बेताचीच केली. पाच शर्ट, दोन पँटी, एक जीन्स, एक पट्टा. आणि आतले कपडे सगळे नवे. याबद्दल कुणी लिहीत नाही, पण सगळ्यात आधी तेच लागतात, विश्वास ठेवा. सेल्समननं फिका निळा शर्ट काढला तेव्हा "डार्कमध्ये दाखवा ना" हे वाक्य ओठांवर आलं होतं. तो म्हणाला, "साहेब, घालून तर बघा."

सोमवारी तोच घालून पोहे खायला बसलो. आई नेहमीसारखी मानेकडे बघत राहिली. मग उठून मागे आली आणि कॉलरमध्ये बोट घालून बघितलं. एकच बोट गेलं. खांद्याची शिवण चाचपली, बाहीचं बटण बघितलं. "केवढ्याला?" आकडा ऐकून नाक मुरडलं. थोड्या वेळानं म्हणाली, "फिका रंग चांगला दिसतो तुला. लहानपणी घालायचास." तुपाची बरणी टेबलावर होती, ती तशीच राहिली.

त्यानंतर तीनेक आठवडे पिशव्या बाल्कनीतच होत्या. मी विषय काढला नाही. ही चांगली संस्था, ती चांगली संस्था अशी यादी मात्र करून ठेवली होती. जुने कपडे पिंजून त्यांचं पुन्हा सूत काढायचा पानिपतला केवढा मोठा धंदा आहे, तेही वाचून झालं होतं. मराठी माणसाच्या पोटाचं पानिपत अगदी खऱ्या पानिपतात व्हावं, या कल्पनेवर मी खूश होतो.

गेल्या बुधवारी ऑफिसातून आलो तर बाल्कनी मोकळी. ओट्यावर दोन नवी कोरी स्टीलची पातेली. आमच्या भागात अजून एक बोहारीण येते.

"सगळे दिलेस?"

"मग काय करायचेत ठेवून? ढगळ नुसते."

"अगं, चार पिशव्यांची दोनच पातेली?"

"तीन मागितली होती मी. तासभर घासाघीस केली. ते कंपनीचे टीशर्ट बघून म्हणाली, आजी, एवढ्या मापाचं गिऱ्हाईक मिळत नाही." आईनं पातेलं उलटं करून बुडावर टिचकी मारून दाखवली. "जाड बुडाची आहेत. आणि झाकणं वर घेतली."