होडी विकणे आहे



गेल्या महिन्यात एका शनिवारी आम्ही तिघेही वर्गाला गैरहजर होतो. पुढच्या शनिवारी ताईंनी कारण विचारले, तेव्हा आमच्या लेकीने "बूच द्यायला गेलो होतो" असे सांगितले आणि वर्गात खसखस पिकली. म्हणून हा खुलासा.

आपल्या इंटरनॅशनल सिटीत चीन आहे, इंग्लंड आहे, पर्शिया आहे, ग्रीस आहे. नाही तो समुद्र. तरीही दोन वर्षांपूर्वी आम्ही एक शिडाची होडी विकत घेतली. तिसऱ्या मजल्यावरच्या एका बेडरूमच्या जागेत राहणाऱ्यांनी हा उद्योग का करावा, असे पुण्याहून सासूबाईंनी फोनवर विचारले होते. उत्तर आम्हाला तेव्हाही देता आले नाही. आमचे मूळ गाव वेंगुर्ल्याकडचे, पण आम्ही वाढलो डोंबिवलीत, त्यामुळे रक्तात समुद्र वगैरे म्हणण्याचीही सोय नाही. उम्म सुकैमला १९७४ सालापासून चाललेला सेलिंग क्लब आहे. तिथे आम्ही तिघांनी शिडाचे पहिले धडे गिरवले आणि खूळ डोक्यात शिरले, एवढेच.

होडी लेझर जातीची. कॅनडाच्या ब्रूस कर्बी यांनी १९६९ साली टेलिफोनवर बोलता बोलता हिचे पहिले चित्र काढले, १९७१ पासून ती बाजारात आली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपासून स्पर्धेत आहे. लांबी ४.२३ मीटर, म्हणजे चौदा फुटांना दोन बोटे कमी. वजन ५९ किलो. एक शीड, एक सुकाणू आणि दोन तुकड्यांची ॲल्युमिनियमची डोलकाठी. डोलकाठीला बाजूने दोरांचा ताण नाही. होडीच्या पुढच्या भागात एक नळी असते, तिच्यात ती नुसती खोचून उभी करायची.

लेकीने नाव ठेवले 'छोटी म्हादेई'. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले, वाटेत फक्त चार बंदरांत थांबून १९ मे २०१० रोजी परतले. एकट्याने शिडाच्या नौकेतून जगप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्यांची 'म्हादेई' छप्पन्न फुटी, गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली. ही गोष्ट ताईंनी वर्गात सांगितली होती. लेकीने होडीच्या मागच्या अंगावर देवनागरीत नाव रंगवले. 'म्हा' जरा तिरका आला, तो तसाच राहिला.

दोन वर्षांत आम्ही ती पाण्यात घातली एकूण अकरा वेळा. उन्हाळ्यात शक्य नाही, हिवाळ्यात आमचे रिलीज. एरवी ती मिरदिफला ऑफिसातल्या एका सहकाऱ्यांच्या अंगणात पालथी पडलेली असे. ते यंदा कायमचे केरळला परतायचे ठरले आणि मार्चअखेर अंगण रिकामे करणे आले. होडी विकायची ठरली.

आता तिची तब्येत सांगायला हवी. लेझर वरून भरीव दिसते, पण आत पोकळ असते. फायबरग्लासचे दोन साचे कडेला चिकटवलेले. वाऱ्याचा सगळा जोर त्या नळीच्या बुडाशी येतो. तिथे बारीक चीर पडली की पाणी गुपचूप पोटात जाते. बाहेरून काही दिसत नाही, होडी फक्त जड होत जाते आणि सुस्त वळते. आत हवेच्या पिशव्या असल्याने ती लगेच बुडत नाही, पण बूड पुरते सुटले तर वाऱ्यात डोलकाठी उपटून माणसाच्या डोक्यात यायची. चीर आहे का हे बघायची रीत सोपी आहे: नळीत पाणी भरायचे, खूण करायची आणि सकाळी बघायचे. आमचे पाणी रात्रीत चार बोटे उतरले. ड्रॅगनमार्टातून रेझिन आणून आम्ही दोनदा डागडुजी केली. दोन्ही वेळा उतरले. तिसऱ्यांदा आम्ही पाणी भरूनच पाहिले नाही.

जाहिरात इंग्रजीत लिहिली. 'उत्तम स्थितीत, किरकोळ काम बाकी. किंमत ४,००० दिरहम.' आम्ही धंद्याने सॉफ्टवेअरवाले. प्रत्येक रिलीजबरोबर 'नोन इश्यूज'चा एक कागद जातो आणि तो गिऱ्हाईक वाचणार नाही अशा बेताने लिहिण्यात आमची वीस वर्षे गेली आहेत. त्यामुळे 'किरकोळ' हा शब्द लिहिताना हात अडखळला नाही. दुसऱ्याच दिवशी एका तरुणाचा फोन आला. नुकताच दुबईत आलेला, समुद्राची हौस, फोटो बघूनच खूश. घासाघीस नाही. रविवारी संध्याकाळी पैसे घेऊन येतो म्हणाला.

नेमके त्या शनिवारी ताईंनी गृहपाठ दिला: घरातील एखाद्या जुन्या वस्तूची जाहिरात लिहा. लेकीने आमचीच जाहिरात मराठीत करायला घेतली आणि विचारले, "बाबा, किरकोळ म्हणजे किती?" आम्ही म्हणालो, "थोडंसं." "मग बुडाला चीर आहे ती थोडीशी का?" आम्ही कॉम्प्युटरकडे वळलो. तिने लिहिलेले खाली देतो:

'होडी विकणे आहे. नाव छोटी म्हादेई. डोलकाठी उभी करतात तिथून आत पाणी जाते. बाबांनी दोनदा चिकटवले तरी जाते. शिड उन्हाने कागदासारखे झाले आहे. जोराचा वारा असेल तर नेऊ नये. उजवीकडे छान वळते. आम्हाला ती आवडते पण ठेवायला जागा नाही.'

रात्री आम्ही दोघांनी ते वाचले. सौ. म्हणाली, "त्या मुलाला पोहता येतं का, विचारलंस?" विचारले नव्हते. थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग आम्ही लेकीची जाहिरात ओळीला ओळ इंग्रजीत केली, चिरेचा फोटो जोडला आणि त्या तरुणाला पाठवली. त्याचे उत्तर आले, थॅंक्यू. रविवारी तो आला नाही. पुढे वही तपासून आली तेव्हा ताईंनी 'शिड'चे 'शीड' केले होते आणि खाली 'छान' लिहिले होते. ताई, तो शेरा आम्हाला चार हजारांना पडला, हे आपल्याला ठाऊक नसणार.

नवी जाहिरात लावली. तीन आठवडे शुकशुकाट. मग उम्म अल कुवेनहून एक वृद्ध अमिराती गृहस्थ नातवाला घेऊन आले. त्यांची हिंदी आमच्यापेक्षा बरी होती. जाहिरात त्यांनी नातवाकडून वाचून घेतली होती. त्यांनी आम्हाला काही विचारलेच नाही. बोटाच्या पेराने होडी ठोकत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, नळीपाशी आवाज बदलला तिथे थांबले आणि नाळ उचलून आतले पाणी हलते का ते ऐकले. मग विचारले, "इसका नोखदा कौन?" आम्ही गोंधळलो. लेक मात्र उडालीच. "बाबा, नाखवा! नाखवा विचारतायत!" शब्द मूळचा फारसी, आपल्या कोळ्यांकडे नाखवा झाला, इकडे नोखदा. आम्ही तिच्याकडे बोट दाखवले.

त्यांनी दोन हजार म्हटले, आम्ही अडीच, बावीसशेवर तुटले. होडी पिकअपवर बांधून गेली. मिरदिफचे अंगण एकदम मोठे दिसू लागले. लेक गाडीत मागे बसली आणि घरापर्यंत बोलली नाही. आम्हीही बोललो नाही.

शुक्रवारी रात्री स्वयंपाकघराच्या खणात बॅटऱ्या शोधताना बूच सापडले. होडीच्या मागच्या अंगाला पोटातले पाणी काढायचे भोक असते, त्याचे. सुरक्षित राहावे म्हणून आम्हीच तिथे ठेवले होते! सगळे दोष लिहून दिले आणि हे विसरलो. फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला. उद्या सकाळी ते होडी पाण्यात घालणार, हे त्यांनीच सांगितले होते. शनिवारी उजाडताच शेख मोहम्मद बिन झायेद रस्त्याने निघालो. पाऊण तास लेक बूच मुठीत धरून बसली होती.

तिथली खाडी उथळ, कडेला तिवरांची झाडे. होडी वाळूवर उभी होती, शीड अजून गुंडाळलेले. नळीच्या बुडाशी नवे, नीट घासलेले फायबरग्लास. भोकात त्यांनी लाकडाची खुंटी तासून, फडक्यात गुंडाळून ठोकून बसवली होती. आमचे बूच त्यांनी हातात घेतले, उलटसुलट पाहिले, "शुक्रन" म्हणून खिशात टाकले, आणि खुंटी तशीच ठेवली.

मग त्यांनी लेकीला नातवाबरोबर एक फेरी मारायला बसवले. वारा बेताचा होता. ती परत आली तेव्हा साडेदहा वाजून गेले होते, म्हणजे आपला वर्ग सुटायला अर्धा तास. हजेरीपटावरचा त्या दिवसाचा खाडा तसाच ठेवला तरी आमची काही हरकत नाही.