माळ्याचं नाव

बी.एड.ला होते तेव्हाची गोष्ट. इंग्रजीची पद्धती शिकवणारे आमचे सर एकदा म्हणाले, "व्याकरणाची पुस्तकं काही दिवस मिटून ठेवा. जे वाचताना झोप उडेल ते वाचा. मग भाषा आपोआप येते." उर्दू माध्यमातून आलेल्या आम्हा मुलींचं इंग्रजी परीक्षेपुरतं. पेपर लिहिता यायचा, पण पान वाचता यायचं नाही. सरांचं ऐकून मी मालेगावातल्या एका रद्दीच्या दुकानात गेले. तिथे जाडजूड इंग्रजी पुस्तकं किलोवर मिळत. त्यातलं एक उचललं, कारण त्याची पानं शाबूत होती. पुस्तकाचं नाव 'इन्टू द नाइट', लेखिका सुझॅन ब्रॉकमन.

नंतर कळलं की ती एका मोठ्या मालिकेतली कादंबरी होती. मालिकेचं नाव 'ट्रबलशूटर्स'. पहिलं पुस्तक 'द अनसंग हीरो' २००० साली आलं आणि पुढे कितीतरी वर्षं ही मालिका चालली. अमेरिकेच्या नौदलात 'सील' नावाची खास पथकं असतात. त्यांतले जवान हे या गोष्टींचे नायक. प्रत्येक पुस्तकात एक मोहीम, एक संकट आणि एक प्रेमप्रकरण. शेवटी संकट टळतं आणि दोघं एक होतात. हे आधीच ठाऊक असूनही आपण वाचत राहतो. आमच्याकडच्या उर्दू डायजेस्टच्या किस्तवार कादंबऱ्या तरी दुसरं काय करतात?

ब्रॉकमनबाईंची हुशारी अशी की एका जोडप्याची गोष्ट त्या एका पुस्तकात संपवत नाहीत. सॅम स्टारेट हा टेक्सासचा गोरा जवान आणि अलिसा लॉक ही सावळी, हुशार अधिकारी. त्यांचं भांडण आणि ओढ कितीतरी पुस्तकांतून चालते आणि २००३ च्या 'गॉन टू फार'मध्ये कुठे ती तडीला जाते. त्यामुळे या पुस्तकांचे वाचक म्हणजे नुसते वाचक राहत नाहीत. ते लग्न जमवणारे नातेवाईकच होऊन बसतात. त्यांना मतं असतात आणि ती फार ठाम असतात.

त्या मतांचा दबदबाही होता. 'रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका' या तिथल्या लेखक-संस्थेच्या सभासदांनी २०००, २००१ आणि २००२ अशी सलग तीन वर्षं याच मालिकेतल्या कादंबरीला वर्षातली आवडती कादंबरी ठरवलं. आणि २००९ साली 'डार्क ऑफ नाइट' आली तेव्हा तेच वाचक भडकले. कारण काय, तर डेकर नावाचा नायक. २००४ च्या 'फ्लॅशपॉइंट'पासून वाचकांनी त्याचं लग्न सोफियाशी मनातल्या मनात लावून टाकलं होतं. बाईंनी त्याला ट्रेसी दिली आणि सोफियाला डेव्ह. कोणी म्हणालं, फसवणूक झाली. कोणी म्हणालं, आयुष्यात असंच होतं. काहींनी मालिकाच सोडली.

मी आणि माझी मैत्रीणही भांडलो. ती माझ्याच शाळेत गणित शिकवते. मी सोफियाच्या बाजूची, ती ट्रेसीच्या. स्टाफरूममध्ये डबा खाताना आमचा वाद असा रंगायचा की शिपाई मामूंना वाटलं, खरंच कोणाच्या तरी घरचं स्थळ मोडलंय. त्यांनी हळूच विचारलंही, "लडका करता क्या है?"

हसण्यावारी नेण्यासारखीच गोष्ट आहे. पण एकदा वाद चालू असताना मला 'फ्लॅशपॉइंट' परत चाळावी लागली. सोफियाचा नवरा कसा मेला, एवढंच पाहायचं होतं. तिच्या नवऱ्याला मारणाऱ्या सरदाराचं नाव बशीर. गोष्ट घडते काझबेकिस्तानात. असा देश जगात नाही. काझाक आणि उझबेक यांची नावं जोडून बाईंनी तो घडवला. तिथे भूकंप होतो. मेलेल्या दहशतवादी पुढाऱ्याचा लॅपटॉप शोधायला अमेरिकन हेर मदत-कार्यकर्त्यांच्या वेशात तिथे जातात. या आधी २००१ च्या 'ओव्हर द एज'मध्ये विमान अपहरण होतं तेही याच देशात. पुढे प्रत्यक्षात जे घडलं त्यामुळे या पुस्तकांना निराळाच रंग चढला, हे खरं.

बशीर या शब्दाचा अर्थ खुशखबर आणणारा. माझ्या शाळेत दरवर्षी एक-दोन बशीर असतातच. भूकंपात त्या देशातली किती माणसं गेली, त्यांचं पुढे काय झालं, याबद्दल आम्ही दोघी एक शब्द बोललो नव्हतो. आमचं सगळं मत डेकरच्या लग्नावर खर्च झालं होतं.

पण मला खरं सांगायचंय ते पहिल्या पुस्तकाबद्दल.

'इन्टू द नाइट'मध्ये मेरी लू नावाची एक तरुण बाई आहे. सॅम स्टारेटची बायको. हे लग्न मूल राहिलं म्हणून झालेलं. नवऱ्याचा जीव दुसरीत. ती तान्ह्या मुलीला घेऊन एकटी झुरते. शेजारच्या बागेत काम करणारा माळी तिच्याशी माणसासारखं बोलतो. त्याचं नाव इब्राहिम रहमान. अरब वंशाचा अमेरिकन. तिकडे नौदलाच्या तळावर राष्ट्राध्यक्ष येणार आहेत, हल्ल्याचा कट शिजतो आहे. मेरी लूच्या गाडीतून, तिला न कळता, हत्यारं तळाच्या आत जातात.

शब्दकोश मांडीवर घेऊन मी वाचत होते. इब्राहिम पहिल्यांदा पानावर आला तेव्हाच मी मनात म्हटलं, हाच तो. तो गोड बोलला की मला वाटायचं, बघा कसा जाळं टाकतोय. तो मुलीची चौकशी करी तेव्हा माझा संशय वाढायचा. पुस्तकभर मी त्याच्यावर नजर ठेवून होते. आणि तो निर्दोष निघाला. माळी होता, माळीच होता. पुढच्या पुस्तकात, 'गॉन टू फार'मध्ये, मेरी लूला तोच मिळतो. वाचकांना वाटत होतं तशी ती बाई वाईट नव्हती आणि तोही नव्हता.

पुस्तक मिटलं आणि मला शरम वाटली. साधीसुधी नाही.

मी मालेगावची आहे. ८ सप्टेंबर २००६ ला, शब-ए-बरातच्या दिवशी, जुम्याच्या नमाजानंतर इथे स्फोट झाले तेव्हा मी अठरा वर्षांची होते. मेलेले बहुतेक आमचेच होते आणि पुढे अटक झालेले नऊ तरुणही आमचेच. कोणाच्या घरी काय झालं ते मोहल्ल्याने पाहिलंय. त्या घरांतल्या बायका बाजारात खाली मान घालून जायच्या. २०१६ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्या तरुणांना आरोपमुक्त केलं. तोवर त्यांच्यातला एकजण हयात नव्हता. मी हे पुस्तक वाचलं तेव्हा हा निकाल लागायचा होता, पण त्यांचं काय चाललंय हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. नावावरून संशय घेणं म्हणजे काय, हे ज्या गावाला कोणी शिकवायला नको, त्या गावातली मुलगी कॅलिफोर्नियातल्या एका माळ्यावर नुसत्या नावावरून संशय घेत होती.

मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "लेखिकेनेच तसं लिहिलंय. तुझा संशय तिला हवाच होता." ते बरोबर आहे. रहस्यकथा अशीच रचतात. वाचकाच्या मनात आधीपासून जे पडून आहे, त्याच्या भरवशावर लेखिका सापळा लावते. पण ते माझ्या मनात होतं म्हणून तर सापळा लागला!

वाचकाचं मत हा प्रकार मला तेव्हापासून निराळा दिसायला लागला. पुस्तक वाचून झाल्यावर आपण देतो ते मत फार उशिराचं. त्याच्या आधी एक मत असतं. ते आपण दिलेलंही नसतं, पण छापणाऱ्याने आपल्या नावावर गृहीत धरलेलं असतं. ब्रॉकमनबाईंनी १९९८ साली 'हार्वर्ड्स एज्युकेशन' लिहिली. तिचा नायक कृष्णवर्णीय. २०१८ मध्ये त्यांना त्याच लेखक-संस्थेचा जीवनगौरव मिळाला. तेव्हाच्या भाषणात त्यांनी स्पष्ट सांगितलं की अशा पात्रांमुळे खप घटेल, वाचकांना रुचणार नाही, असं त्यांना वेळोवेळी ऐकवलं गेलं. वाचकाने पुस्तक हातात घेण्याआधीच त्याचं मत ठरलेलं होतं.

हे अमेरिकेतच होतं असं नाही. माझे अब्बा इब्ने सफींचे भक्त. इब्ने सफी म्हणजे असरार अहमद. त्यांनी १९५२ मध्ये अलाहाबादेत 'जासूसी दुनिया' सुरू केली आणि १९५५ मध्ये 'इमरान सीरिज'. त्यांचा कर्नल फरीदी, कॅप्टन हमीद, इमरान ही नावं अब्बा नातेवाइकांसारखी घेतात. मात्र हिंदीत याच कादंबऱ्या आल्या तेव्हा फरीदीचा विनोद झाला आणि इमरानचा राजेश. हमीद हमीदच राहिला. अब्बांना मी विचारलं, असं का? ते म्हणाले, "बेटा, नायक आणि त्याचा हाताखालचा माणूस यांत फरक असतो." हसत म्हणाले, पण चष्मा पुसत राहिले. हिंदीच्या वाचकांना फरीदी चालला असता की नाही, हे कोणी विचारलं होतं का?

आणि आपल्या बाजूचंही सांगितलं पाहिजे. इब्ने सफींनीही 'झीरो लँड' नावाचा देश घडवला, नकाशात नसलेला. तिथून परदेशी खलनायक यायचे. इमरानसाठी झुरणारी जुलियाना फिट्झवॉटर मूळची स्विस. तिचं लग्न इमरानशी का होत नाही, यावर अब्बा आणि त्यांचे मित्र चहाच्या हॉटेलात रात्री उशिरापर्यंत वाद घालत. १९८० मध्ये इब्ने सफी गेले आणि तो प्रश्न तसाच राहिला. पण झीरो लँडमध्ये साधी माणसं राहत असतील का, हा वाद अब्बांच्या आठवणीत एकदाही झाला नाही. काझबेकिस्तानच्या बाबतीत मी ज्या वाचकांवर चिडले होते, ते माझ्या घरातही होतेच.

गेल्या वर्षी आठवीच्या वर्गावर ऑफ तास मिळाला. मुलं म्हणाली, "आपा, कहानी." मी हीच गोष्ट सोपी करून सांगितली. प्रेमाचा भाग वगळला. नौदलाचा तळ, येणारे पाहुणे, हत्यारं, एकटी बाई, तिची लहान मुलगी, शेजारचा माळी. मेरी लू, सॅम, इब्राहिम, सगळी नावं होती तशी सांगितली. मध्येच थांबून विचारलं, "कोणावर शक आहे?"

एकेचाळीस मुलांपैकी तीसेक हात वर गेले. माळी. वर्गात दोन इब्राहिम आहेत. त्यांतल्या एकाचा हात सगळ्यांत उंच होता.

मी त्यालाच विचारलं, "क्यों?"

तो म्हणाला, "आपा, कहानी में वही तो होता है."

मला पुढे बोलता येईना. मुलं वाट पाहत होती. तेवढ्यात खिडकीजवळची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "लेकिन आपा, अब तक उसने किया क्या है? पानी ही तो दिया है." वर्ग हसला. मग हळूहळू काही हात खाली आले. त्या इब्राहिमचा हात तसाच होता.

शेवट मी दुसऱ्या दिवशी सांगितला. माळी निर्दोष होता आणि पुढे त्याचं घर वसलं, एवढंच. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तास सुटल्यावर तो इब्राहिम टेबलाशी येऊन घुटमळत राहिला. त्याला शंका होती. मी त्याचं मन राखायला नाव बदललंय की काय? "किताब में सच में यही नाम है?"

तिसऱ्या दिवशी मी ते पुस्तक घेऊन गेले. पानं आता पिवळी पडलीत, पुठ्ठा चिकटपट्टीने जोडलाय. ते पान काढून दिलं. त्याने ओळीखाली बोट ठेवलं आणि एकेक अक्षर जुळवत ते नाव मोठ्याने वाचलं. आमच्या इब्राहिमपेक्षा त्याचं स्पेलिंग जरा निराळं आहे, त्यात एच भलत्याच जागी आहे. त्याने दोनदा वाचलं. मग पुस्तक मला परत देत म्हणाला,

"स्पेलिंग गलत है, आपा. बाकी ठीक है."