गार इंजिनात लपणारा दोष

इंजिनचा वायरिंग हार्नेस बदलल्यावर इशाऱ्याचा दिवा लागला, तर सेन्सर बिघडलेला असण्याची शक्यता फार कमी असते. काल चालणारा सेन्सर हार्नेस बदलल्याने सहसा मरत नाही. बदललेली असते ती सेन्सरपासून ईसीयूपर्यंतची वाट: तार, तिच्या टोकांची टर्मिनल, मधले कपलर. तरीही गॅरेजमध्ये आधी नवा सेन्सर मागवला जातो, कारण स्कॅनरवर त्याचेच नाव येते. ईसीयूला तर आपल्या पिनवर आलेले व्होल्टेज तेवढे कळते. स्कॅनर दाखवतो तो त्यावरून काढलेला निष्कर्ष.

ढोबळ दोष लवकर हाती लागतात. कूलंट सेन्सरची तार तुटली की स्कॅनरवर उणे ४० अंश दिसतात, शॉर्ट झाली की आकडा १३०च्या आसपास किंवा वर जातो. साध्या स्विचवर चालणारा ऑइल प्रेशरचा दिवा चावी फिरवल्यावर लागलाच पाहिजे. तो न लागणे हे सतत लागून राहण्यापेक्षा धोक्याचे, कारण तुटलेल्या तारेमुळे तेल संपले तरी तो गप्प राहील.

खरा त्रास देतो तो कूलंट सेन्सरच्या जोडात दबून राहिलेला थोडासा रेझिस्टन्स. हा सेन्सर तापमान वाढेल तसा आपला रेझिस्टन्स कमी करतो. सर्रास वापरात असलेल्या एका प्रकारात तो २० अंशांना सुमारे २५०० ओहम, ८० अंशांना सुमारे ३२० आणि १०० अंशांना १८५च्या आसपास असतो. आता दोन पिनांच्या जोडात मिळून ८० ओहम अडकले असे धरा. सकाळी गार इंजिनवर २५००चे २५८० होतात, म्हणजे फरक एका अंशाहूनही कमी. कोणाच्याच लक्षात येत नाही. तेच इंजिन १०० अंशांवर गेले की १८५चे २६५ होतात आणि ईसीयूला ते ८६-८७ अंशच वाटते. पंखा उशिरा लागतो, काटा निर्धास्त दिसतो आणि इंजिन मात्र जास्त तापलेले असते. काही गाड्यांत अशा वेळी पी ०१२८ हा कोड येतो. त्याचा अर्थ कूलंट अपेक्षेइतके तापत नाही. मग थर्मोस्टॅट बदलला जातो, पण दिवा जात नाही. गाडी पुन्हा दाखवायला आणली जाते तेव्हा इंजिन गार झालेले असते आणि सगळे आकडे बरोबर येतात.

मल्टीमीटरचा बीप इथे उपयोगी पडत नाही. कित्येक मीटर ३०-५० ओहमपर्यंतही बीप देतात; दोन जोड वेगवेगळे तपासले तर दोन्ही पास होतात. शिवाय मीटरचा जाड प्रोब टर्मिनलच्या तोंडात खुपसला की फीमेल टर्मिनल पसरते, आणि नसलेला दोष तपासणाराच तयार करतो. प्रोब नेहमी मागून, तारेच्या बाजूने लावावा.

जोड खराब का होतो, याचे कारण बहुधा धातूत असते. मूळ सेन्सरच्या पिनला सोन्याचा मुलामा आणि बाजारच्या हार्नेसमधल्या टर्मिनलला कथलाचा, अशी जोडी जमली की इंजिनच्या थरथरीने दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर घासत राहतात, कथलाचा ऑक्साइड साठत जातो आणि या लाइनमधल्या इतक्या कमी करंटला तो थर फोडता येत नाही. म्हणूनच बसवल्या दिवशी सगळे ठीक असते आणि काही आठवड्यांनी दिवा लागतो. पावसाळ्यात उंदरांनी कुरतडलेल्या हार्नेसच्या जागी मिळेल तो स्वस्त हार्नेस घालणाऱ्यांना हे समजावणे अवघड जाते. सोल्डरवरचा भरवसाही सोडायला हवा. शिसे तारेत वर चढते, तार तिथे ताठ होते आणि डागाच्या कडेलाच तुटते. नीट दाबलेला क्रिम्प इंजिनवर जास्त टिकतो. सेन्सरची अर्थ ईसीयूकडे परत नेण्याऐवजी जवळच्या बोल्टला बांधून टाकणे हे तर काम उरकणाऱ्यांचे लक्षण. पंखा किंवा हेडलाइट लागला की त्या गाडीतला तापमानाचा आकडा उगाच हलतो.

टर्मिनलची पकड पाहायची रीत जुनी आहे: त्याच मापाची सुटी मेल पिन आत सरकवून ओढायची आणि अटकाव बोटांना जाणवतो का ते पाहायचे. ६.३ मिलिमीटरच्या स्पेड टर्मिनलवर हात बसलेल्या वायरमनला ०.६४ मिलिमीटरच्या पिनची पकड उतारवयात कळेनाशी होते. बोटांची कातडी जाड झालेली, चष्म्याचा नंबर वाढलेला. नुसत्या हाताने दोष सांगण्याचा मान या धंद्यात मोठा आहे, आणि तो मिरवायला सगळ्यांनाच आवडते. म्हणून शिकाऊ पोराच्या हाती पिन देऊन ‘सैल लागते का रे?’ असे विचारणे उस्तादाला जड जाते. बीएस-६ नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाल्यावर गाड्यांतले सेन्सर आणि तपासण्या आणखी वाढल्या. अशा बारीक जोडांवर आता कोवळ्या बोटांचाच निवाडा मानायला हवा.

बोटांवर अवलंबून न राहणारी एक तपासणीही आहे. सेन्सरचा कपलर काढून त्याच्या दोन टर्मिनलांत, योग्य मापाच्या पिना क्रिम्प केलेला १८० ओहमचा साधा रेझिस्टर लावावा. वर सांगितलेल्या प्रकारच्या सेन्सरच्या गाडीत इग्निशन चालू केल्यावर स्कॅनरवर सुमारे १०० अंश दिसले पाहिजेत; इतर गाड्यांसाठी कंपनीच्या मॅन्युअलमधला तक्ता पाहावा. आकडा ८५-९० आला तर सेन्सर आणि थर्मोस्टॅट दोन्हींना हात न लावता वाट तपासायची: आधी टर्मिनलची पकड, मग मागे सरकलेली पिन, मग ईसीयूकडचे टोक. इंजिन गार असतानाही ही तपासणी गरम इंजिनाचा दोष उघड करते. फक्त सेन्सरची स्वतःची पिन तिच्यात येत नाही, ती वेगळी पाहावी लागते. रेझिस्टर तसाच ठेवून हार्नेस ठिकठिकाणी हलवावा, वाकवावा, क्लिपांजवळ ताणावा. शेवटी सेन्सर परत जोडून, इंजिन पंखा लागेपर्यंत तापवून पुन्हा तसेच करावे. दोन्ही वेळा आकडा एकदम उडी न मारता राहिला, तरच गाडी ग्राहकाच्या ताब्यात द्यावी.