राजापेठेतली बेलबॉटम

मंडळी, एक कबुली देऊन टाकते. या डिसेंबरात मी पुण्याहून अमरावतीला गेले, ते आईला भेटायला कमी आणि एका पॅन्टसाठी जास्त! हसू नका. पॅन्टही तशीच आहे. हाय-वेस्ट, फ्लेअर्ड आणि कॉर्डरॉयची. म्हणजे कंबर थेट बेंबीपर्यंत, गुडघ्याखाली घंटेसारखा घेर आणि कापडावर त्या मऊ मखमली रेघा. आमच्या ऑफिसात थंडी पडली की दर तिसरीच्या अंगावर दिसते. मी तीनदा ऑनलाइन मागवली आणि तीनदा परत पाठवली. मांडीला बसली तर कमरेला मागून मूठभर फट, कमरेला बसली तर मांडीत श्वास अडकलेला. शेवटी आई फोनवर म्हणाली, "कायले पैसे घालवतं? राजापेठेत ये. शिवून घेऊ."

आमचं राजापेठ म्हणजे काही टूरिस्ट स्पॉट नाही. बडनेऱ्याकडून अमरावतीत शिरलात की रेल्वेचा रूळ, उड्डाणपूल, त्याखालचा भुयारी मार्ग, ऑटोवाल्यांचे आवाज आणि तोंडाला स्कार्फ गुंडाळून स्कूटीवर सुसाट निघालेल्या पोरी. झालं, पोचलात! इथून राजकमल चौक जवळ, अंबादेवीचं देऊळ जवळ आणि गिला वडा तर हाकेच्या अंतरावर. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास टेकतो तेव्हा इथे कॉर्डरॉयचं नाव काढणाऱ्याला लोक वेड्यात काढतील. पण डिसेंबर-जानेवारीची सकाळ? एकदम सही! चहाच्या टपरीवर हात शेकत उभं राहावं अशी.

आणि कापडाचं म्हणाल तर बॉस, हे गावच त्याचं आहे. नागपूर हायवेवर बिझीलँड, सिटीलँड असे कपड्यांचे अख्खे ठोक बाजार आहेत. नांदगाव पेठच्या एमआयडीसीत कापड गिरण्या आहेत आणि तिथेच होणाऱ्या पीएम मित्र टेक्स्टाइल पार्कचं भूमिपूजन 20 सप्टेंबर 2024 रोजी झालं. कापसापासून तयार कपड्यापर्यंत सगळं एकाच जागी, असा त्याचा फंडा.

कारण कापूस इथून बाहेर जातो, ही गोष्ट फार जुनी आहे. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना आणि मँचेस्टरच्या आसपासच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे नजर वळवली. लिव्हरपूलच्या बाजारात आपल्या कापसाचं नावच 'उमरा' पडलं होतं. उमरावती, म्हणजे अमरावतीवरून! आता गंमत बघा. त्याच मँचेस्टरच्या परिसरात कॉर्डरॉय इतकं विणलं गेलं की स्वीडनमध्ये आजही या कापडाला 'मँचेस्टर'च म्हणतात. माझी एक मैत्रीण तिकडे ऑनसाइटला आहे, तिला दुकानात पाटी वाचून हसू आवरेना. आणि हो, 'कॉर्डरॉय म्हणजे फ्रेंच राजाचं कापड' ही गोष्ट कुणी ऐकवली तर सोडून द्या. फ्रेंच लोक स्वतः त्याला 'रेघांचं मखमल' अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. हे मुळात कामकऱ्यांचं, टिकाऊ, सुती कापड. गाठी इथून गेल्या आणि फॅशन तिकडून आली, एवढाच काय तो हिशेब.

तर आम्ही मायलेकी आईच्या ठरलेल्या टेलरकडे गेलो. गल्लीतलं दुकान, एक शिलाई मशीन, भिंतीवर सुनांचे-नातींचे ब्लाऊज टांगलेले. मास्टर सत्तरीचे. मी मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाले, "हे तर बेलबॉटम होय! झीनत अमानच्या टायमाले मी दिवसाले चार-चार शिवत होतो."

मग त्यांनी माझं कापड टेबलावर पसरलं आणि माझा क्लासच घेतला. "हात फिरव बेटा. वरून खाली मऊ लागते, खालून वर खरखरीत. ही लव. सगळे तुकडे एकाच दिशेनं कापाचे, नाही तर एक पाय गडद अन् एक फिका दिसन." म्हणूनच कापड थोडं जास्त लागतं. कापण्याआधी ते एकदा धुऊन घ्यायचं, कारण सुती आहे, आटतं. बेल्ट बेंबीशी बसवायचा तर आसन उंच हवं आणि मागून दोन चुण्या हव्यात, म्हणजे ती मूठभर फट गायब! ऑनलाइन पॅन्टला नेमकं हेच जमत नाही. ती एका ठरावीक मापासाठी शिवलेली असते, माझ्यासाठी नाही.

"अन् चप्पल कोणती घालशीन?" मास्टरांनी विचारलं. मी म्हटलं, आत्ता का? तर म्हणाले, "मंग लांबी कशी घेऊ?" पटलं ना? फ्लेअरची लांबी ज्या टाचेवर घालणार ती टाच घालूनच मोजायची. काठ जमिनीपासून अर्धा इंच वर. खाली लोळला तर राजापेठेची सगळी धूळ तुमच्यासोबत घरी येईल! स्कूटी चालवत असाल तर घेर जरा आवरता घ्या.

मापं चालू असताना आई गप्प होती. अचानक म्हणाली, "मी पण शिवली होती अशी. शहात्तर साली. चॉकलेटी."

मी उडालेच. आई? जिला मी साडी आणि गाऊन सोडून कशात पाहिलेलं नाही?

"कॉलेजले घालून निघाली होती. तुझे आजोबा अंगणात बसले होते. रागावले नाही काही. 'हे घालून राजकमलपर्यंत जाशीन?' इतकंच म्हणले. मी माघारी फिरली."

"मग पॅन्ट?"

"चिमट्यांची पिशवी नाही का आपली?"

आमच्या गच्चीवर कपडे वाळत घालायच्या दोरीला एक चॉकलेटी, रेघारेघांची पिशवी लटकलेली असते. तिच्यात हात घालून मी लहानपणापासून चिमटे काढत आलेय. ऊन-पावसात रंग उडाला, पण रेघा अजून शाबूत. ती आईची बेलबॉटम होती, हे मला चौतिसाव्या वर्षी, टेलरच्या दुकानात कळलं.

असो. आता तुमच्या कामाचं. ही पॅन्ट घालायची कशी? पहिला नियम, वरचा कपडा आखूड किंवा खोचलेला. एवढी उंच कंबर झाकून टाकायची असेल तर मग शिवली कशाला? ऑफिसला फिटिंगचा हाय-नेक स्वेटर किंवा खादीचा साधा शर्ट, आत खोचून. घरच्या फंक्शनला कमरेपर्यंतची कुर्ती आणि ऑक्सिडाइज्ड झुमके. लांब कुर्ता मात्र नको, घेरावर घेर म्हणजे तंबू! रंग घ्या विटकरी, मोहरी किंवा बाटलीहिरवा. रेघा जितक्या बारीक तितकं कापड हलकं, आपल्या हवेला तेच बरं. जाड रेघांची शिवली असेल तर ती चिखलदऱ्याच्या ट्रिपसाठी राखून ठेवा. पायात ब्लॉक हील्स बेस्ट, पण कोल्हापुरीवरही मस्त दिसते. धुताना उलटी करा, इस्त्रीही उलट्या बाजूनेच, नाही तर लव दबून कापड चमकायला लागतं.

चौथ्या दिवशी पॅन्ट मिळाली. ती घालून मी राजकमलपर्यंत चालत गेले, मुद्दाम! कुणी वळून पाहिलं नाही. स्कूटीवाल्या दोघींनी तेवढं थांबून विचारलं, "दीदी, कुठून घेतली?" मी गल्लीचा पत्ता सांगितला.

परतीच्या आदल्या दिवशी मी अडीच मीटर चॉकलेटी कॉर्डरॉय आणलं आणि आईला पुन्हा मास्टरांकडे घेऊन गेले. ती आधी नाहीच म्हणाली. लोक काय म्हणतील, गुडघे दुखतात, या वयात कुठं, सगळी कारणं झाली. मास्टरांनी काहीच न बोलता गळ्यातला टेप काढला. मग आईने पदर खोचला, सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "खिसे दोन्ही बाजूनं ठेवजा. अन् लांबी चपलेवर घ्या, मले चालाचं आहे."