कॉट नंबर पाच

प्रवासात उतरावे कुठे, याबाबत माणसांचे दोन पंथ आहेत. एका पंथाला आतून कडी लावता येईल अशी खोली हवी असते. दुसऱ्याला पाठ टेकायला जागा मिळाली की पुरते. वय आणि प्राप्ती वाढली की माणूस दुसऱ्या पंथातून पहिल्या पंथात जातो म्हणतात. माझे वय वाढले, प्राप्तीने मात्र तितकीशी साथ दिली नाही. तेव्हा गेल्या पितृपक्षात तारापूरचा किल्ला पाहायला निघालो, तो कॉटबेसिसवर उतरण्याच्या तयारीनेच.

२०१३ पासून मुंबईची लोकल थेट डहाणूपर्यंत जाते, त्यामुळे हा प्रवास आता प्रवास राहिलेला नाही. वाटेत पालघरला उतरलो. १४ ऑगस्ट १९४२ रोजी इथे पाच जण गोळीबारात हुतात्मा झाले. पाचबत्तीच्या चौकात त्यांचे स्मारक आहे. २०१४ साली पालघर जिल्ह्याचे ठाणे झाले आणि चौकातली गर्दी दुप्पट झाली. पण स्मारकापाशी रिक्षावाल्याने हात किंचित कपाळाकडे नेलेला मी पाहिला. पुढची गाडी धरून बोईसर गाठले. बोईसर म्हणजे कारखान्यांचे गाव. इथल्या फलाटावर मराठी, हिंदी, गुजराती, उडिया आणि भोजपुरी एकाच वेळी कानांवर पडतात. तिथून कारखान्यांच्या भिंती, मग भातखाचरे, मग माडाच्या वाड्या असे करीत रिक्षा तारापुरात शिरते आणि शंभरेक वर्षे मागे गेल्यासारखे वाटते. अरुंद आळ्या, उंच ओटे, कौलारू घरे. निजामाच्या राज्यात पेढी चालवणारे विकाजी मेहरजी हे पारशी गृहस्थ मूळचे इथलेच. त्या वैभवाच्या खुणा जुन्या दारांच्या कोरीव चौकटींवर अजून दिसतात.

अशाच एका जुन्या घराच्या माजघरात आठ कॉट टाकलेल्या होत्या. घरमालकीण काकू साठीच्या, आवाज खणखणीत. भिंतीवर नियम लिहिले होते. पहिला: ‘दिवा दहाला बंद.’ दुसरा: ‘नळ एकच आहे.’ हा दुसरा नियम की बातमी, हे मला अखेरपर्यंत कळले नाही.

पण खरे सांगतो, त्या घरातला सगळा स्नेह त्या एकाच नळामुळे होता. खोलीगणिक नळ असता तर आम्ही आठ जण आठ दिवस एकमेकांचे तोंड न पाहता राहिलो असतो. सकाळी बादली घेऊन रांगेत उभे राहिले की माणूस बोलतोच. फोनला वीज देणारी खाचही दोनच. त्यांवरून आधी भांडणे होतात, मग वाटणी होते, मग ओळख होते. पहिल्याच सकाळी मला कळले की कॉट नंबर दोनवरचा मुलगा गंजामचा असून कारखान्यात वेल्डिंग करतो. नंबर सातवरचे शेठ राजकोटचे. खाडीपलीकडच्या चिंचणीच्या कारागिरांकडून दागिन्यांचे साचे करून घ्यायला ते आले होते. पोलादाच्या तुकड्यावर नक्षी कोरणारे हे कारागीर या किनाऱ्यावर घरोघर आहेत. सोन्याचांदीचे दागिने मिरवणाऱ्यांना मात्र त्यांची गावे ठाऊक नसतात.

नंबर पाचवरचे आजोबा रांगेत नसत. ते पहाटेच आटपून ओट्यावर बसलेले असत.

त्यांची पहिली ओळख झाली ती वहीवरून. काकू आधारकार्ड पाहून पत्ता उतरवून घेत होत्या.

“कायमचा पत्ता नालासोपारा लिहिते, अण्णा.”

“तिथं मुलगा राहतो. तू पोफरण लिही.”

“दरवर्षी तेच सांगता. कार्डावर पोफरण नाही हो.”

“कार्डावर नसेल.”

काकूंनी नालासोपारा लिहिले आणि पुढे कंसात पोफरण लिहिले. दोघांचेही समाधान झालेले दिसले.

संध्याकाळी किल्ल्यावरून फिरून आलो. पोर्तुगीजांचा हा किल्ला खाडीच्या तोंडाशी आहे. तट अजून उभा आहे, आत वाडी आहे. रात्री ओट्यावर मंडळी जमली तेव्हा माझ्यातला मास्तर जागा झाला. चिमाजी अप्पांची मोहीम सांगू लागलो. १७३९ च्या जानेवारीत मराठ्यांनी तारापूरच्या तटाला सुरुंग लावले, खिंडारातून माणसे आत घुसली, आणि त्या धुमश्चक्रीत बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडला. त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली.

“जीता कौन?” वेल्डरने विचारले.

“हम लोग.” मी म्हटले. त्या ‘हम’मध्ये गंजाम आणि राजकोट कसे बसवायचे, हा प्रश्न मनात आला, पण ती दोघे केव्हाच बसली होती.

मी पुढे सांगितले की बाजी पडल्यावर पेशव्यांकडून त्याच्या आईला सांत्वनाचे पत्र गेले. इतका वेळ गप्प असलेले अण्णा म्हणाले, “बरं केलं. आम्हाला नोटीस आली होती.”

ओट्यावर कोणी काही बोलले नाही. मग त्यांनीच थोडक्यात सांगितले. अणुशक्तीवर वीज करणारे देशातले पहिले केंद्र इथे १९६९ साली सुरू झाले, तेव्हा ते शाळकरी होते आणि गावाला अभिमानच वाटला होता. पुढे तिसरी आणि चौथी अणुभट्टी आली, प्रत्येकी ५४० मेगावॉटची. चौथी आधी, २००५ साली, सुरू झाली. तिसरी २००६ साली. त्यांच्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही दोन गावे उठली. लोकांना दुसरीकडे वसवले. अण्णांची बायको त्याआधीच गेली होती.

“वीज नको असं मी म्हणत नाही,” ते म्हणाले. “पोरगा विजेवरच्या गाडीनं कामाला जातो. मीही तिनंच आलो.”

“मग अण्णा, चिंचणीला तुमची बहीण आहे ना?” काकूंनी आतून विचारले. हा प्रश्न त्या दरवर्षी विचारत असाव्यात. “तिच्याकडे का नाही उतरत?”

“बहिणीकडे उतरलं की मी पाहुणा होतो. इथं पैसे देतो, म्हणून पाहुणा होत नाही.”

दहा वाजले. काकूंनी दिवा घालवला.

दुसऱ्या दिवशी अण्णांच्या बायकोची तिथी होती. काकूंनी पहाटे वडे, खीर, भात केला आणि केळीच्या पानावर वाडी वाढून दिली. गुडघे दुखतात म्हणून पान वेल्डरने हाती घेतले. त्याची पाळी दुपारची होती. शेठजीही ‘मला साच्याचे दुकान नंतर उघडेल’ म्हणत निघाले. असे आम्ही चौघे वाळूवरून गेलो. दक्षिणेला लांबवर अणुकेंद्राचे उंच धुराडे दिसत होते. अण्णांनी त्या दिशेला तोंड करून पान ठेवले.

कावळा येईना. अण्णा बायकोला उद्देशून पुटपुटले, “अगं, इथूनच. पुढं जाऊ देत नाहीत.”

वेल्डरला मराठी येत नव्हते. पण तो बाजूला गेला, चपला काढून उभा राहिला आणि हात जोडून आपल्या भाषेत काहीतरी म्हणाला. काही वेळाने कावळा आला. एक घास घेतला आणि कुंपणाच्या दिशेने उडून गेला. कावळ्याला तिकडे कोण अडवणार!

परतताना मी वेल्डरला विचारले, काय म्हणालास? तो म्हणाला, “माझे आजोबाही इतक्यातच गेले. सुट्टी मिळाली नाही. म्हटलं, आजीबाई जेवत असतील तर त्यांनाही बोलवा.”

तिसऱ्या दिवशी मी निघालो. काकूंनी वही पुढे केली, ‘गेल्याची तारीख’ लिहायला. वरच्या ओळीत अण्णांचे नाव होते, पुढे नालासोपारा, कंसात पोफरण. गेल्याची तारीख मात्र कोरी होती.

“अण्णा गेले ना पहाटेच्या गाडीने?” मी विचारले.

“गेले की. पण त्यांची तारीख मी लिहीत नाही,” काकू म्हणाल्या. “पुढच्या वर्षी पाच नंबर दुसऱ्या कुणाला जायला नको.”