सलमानियातली आमची पुतणी



बहारीनचे नाव आपल्या जुन्या मंडळींना नवीन नाही. तिथले मोती मुंबईच्या बाजारात यायचे आणि तिथे आपला रुपया चालायचा. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या आणि १९६५ मध्ये बहारीनने स्वतःचा दिनार आणला. पण सलमानिया हे नाव आम्ही दोघांनी पहिल्यांदा ऐकले ते आमच्या पुतणीच्या तोंडून. लग्न होऊन ती तिथे राहायला गेली तेव्हा.

सलमानिया हा मनामा शहराचाच एक भाग. देशातले सर्वांत मोठे सरकारी हॉस्पिटल तिथे आहे, आणि अख्खी वस्ती त्या हॉस्पिटलच्या नावानेच ओळखली जाते म्हणा ना. २०११ च्या आंदोलनात ते हॉस्पिटल जगभरच्या बातम्यांत आले होते. आम्ही पाहिले तेव्हा दारात रिक्षांऐवजी मोटारींची रांग, आणि ड्यूटी संपवून निघालेल्या मल्याळी नर्सेसचे घोळके. आजूबाजूला चार-पाच मजली इमारती, खाली कोपऱ्यावरची वाण्याची दुकाने. मुलांनो, तिथे वाण्याच्या दुकानाला ‘कोल्ड स्टोअर’ म्हणतात, मग आत काही थंड असो वा नसो! पत्तासुद्धा सगळा आकड्यांचा. फ्लॅट अमुक, बिल्डिंग तमुक, रोड नंबर इतका, ब्लॉक नंबर इतका. टेलिफोन नंबर लिहून घेतोय की काय असे वाटते.

आता मूळ गोष्ट सांगतो. २०१७ च्या डिसेंबरात पुतणीचे लग्न ठाण्याच्या शाआर हाशामाईम सिनेगॉगमध्ये झाले. मेंदी, पांढरी साडी, सगळे आपल्या रीतीने. मुलगाही आपल्यातलाच, बहारीनला एका कंपनीत हिशेबनीस. तो पंधरा दिवसांनी परत गेला, आणि नवरी राहिली ठाण्यात. का? तर कागद नाहीत.

आपल्याकडे लग्नाचा मोठा कागद म्हणजे केतुबा. पण तो व्हिशाला चालत नाही. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे महापालिकेत लग्नाची नोंद करावी लागते. त्या अर्जात लग्न लावणाऱ्या पुरोहिताचे नाव नि सही लागते. तिथे आमच्या हज्जानसाहेबांनी सही केली. दाखला मिळाल्यावर आधी मंत्रालयात गृहखात्याचा शिक्का, मग परराष्ट्र खात्याचे ‘अपोस्टील’ म्हणून एक स्टिकर. बहारीनने २०१३ च्या अखेरीला हा करार मानला, तेव्हापासून वकिलातीच्या शिक्क्याची धावपळ वाचली. एवढे सगळे करून गाडी अडली ती नावापाशी. आपल्यात एकेकीला तीन-तीन नावे: केतुब्यात रिवका, शाळेच्या दाखल्यावर रिबेका, आणि घरी रूबी. शिवाय आडनावातला ‘कर’ कुठे जोडून, कुठे तोडून. पुतणीचेही तसेच झाले. पासपोर्टवर एक स्पेलिंग, लग्नाच्या दाखल्यावर दुसरे. एका अक्षरापायी एका कचेरीने कागद परत पाठवले, आणि सगळे पहिल्यापासून सुरू. ती सलमानियाला पोचली ते एप्रिलमध्ये. चार महिने नवीन लग्नाची जोडी फोनवर संसार करत होती.

पोचली ती कुणाच्या नावावर? नवऱ्याच्या. मुलांनो, ‘स्पॉन्सर’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल. आखातात त्याचा अर्थ असा समजा: भिंतीवर एक खिळा आहे, ती बाबांची नोकरी. खिळ्यावर बाबांचा कोट, कोटावर आईची ओढणी, ओढणीवर तुमची टोपी. खिळा निघाला की सगळे खाली. पगार ठराविक आकड्याच्या वर असेल तरच बायकोला आणता येते. बायकोला वेगळ्या परवान्याशिवाय नोकरी करता येत नाही. पुतणी बी.एड. झालेली, ठाण्यात शाळेत शिकवत होती. तिथे मात्र दिवसभर घरात. आम्हाला म्हणाली, “काकी, इथे मला कुणी माझं नाव विचारत नाही, नवऱ्याचा नंबर विचारतात.”

२०१९ मध्ये मुलगा झाला, सलमानियाच्या त्याच हॉस्पिटलात. आनंद झाला, आणि लगेच आठव्या दिवसाची काळजी लागली. मोहेल कुठून आणायचा? मनामातले ज्यू म्हणजे बहुतेक जुनी इराकी घराणी, संख्येने अगदी मूठभर. शिवाय त्या काळात आपल्या मुलांनी तिथे आपण कोण ते फारसे कुणाला सांगितले नव्हते. बाळाला घेऊन ठाण्याला यावे तर बाळाला पासपोर्ट नाही! तिथे जन्मला म्हणून तो बहारीनचा नागरिक होत नाही. तिथला जन्मदाखला घ्यायचा, तो भारताच्या वकिलातीत नोंदवायचा (एक वर्षाच्या आत नोंदवावा लागतो, हे लक्षात ठेवा), मग भारताचा पासपोर्ट, मग बापाच्या नावावर त्या पाळण्यातल्या जिवाचा राहण्याचा परवाना. ठाण्याची आजी फोनवर म्हणाली, “अगं, मुसलमानी मुलूख तो, तिथल्या डॉक्टरला हे काम रोजचंच असेल, करून घ्या.” आजोबा म्हणाले, “करून घेतील, पण बेराखा कोण म्हणणार? आणि नाव कोण ठेवणार?” दोन्ही घरांत तीन दिवस बोलणे चालले. शेवटी थांबायचे ठरले. दीड महिन्याचे बाळ ठाण्याला आले, तेव्हा ब्रित-मिला झाली. आमच्या मते आजोबांचेच बरोबर होते. पण ज्या आईने तो दीड महिना परक्या ठिकाणी एकटीने काढला, तिला विचारले तर ती वेगळे सांगेल.

आम्ही स्वतः गेलो ते मार्च २०२२ मध्ये. आपल्या पासपोर्टवर तिथे जाता येईल असे कधी स्वप्नातसुद्धा आले नव्हते. २०२० च्या सप्टेंबरात करार झाला, वर्षभराने गल्फ एअरचे विमान तेल-अवीवहून थेट मनामाला जायला लागले. जेमतेम तीन तास. आठ दिवस राहिलो. तिथे २००६ पासून शुक्रवार-शनिवार सुटी, म्हणजे आपला शब्बाथ आयताच मोकळा! पुतणी हसून म्हणाली, ठाण्यात शनिवारी शाळा असायची, रजा मागावी लागायची; इथे मागावी लागत नाही.

मनामाच्या बाजारात जुने सिनेगॉग आहे. १९४७ च्या डिसेंबरातल्या दंगलीत त्याची नासधूस झाली होती, २०२१ मध्ये ते पुन्हा नीट केले. तिथला हलवाही चाखला. केशर, साखर, पिठूळ आणि सुकामेवा, चमच्याला चिकटणारा. नारळाचे दूध नाही, म्हणून आपल्या चिकच्या हलव्याची सर नाही, हे आमचे स्पष्ट मत.

२०२३ मध्ये पुतणीला शाळेत नोकरी लागली, स्वतःच्या परवान्यावर. त्याच वर्षी ऑक्टोबरात युद्ध सुरू झाले आणि ती विमाने थांबली. मग २०२४ मध्ये जावयाच्या कंपनीने माणसे कमी केली. खिळा निघाला. दुसरी नोकरी मिळेपर्यंत घरात अर्ध्या भरलेल्या बॅगा. एका रात्री तिचा फोन आला: “काकी, तुमच्याकडे यायचं तर कुणाच्या नावावर यावं लागतं?”

आम्ही सांगितले, “तुझ्या.” १९५० च्या परतीच्या कायद्याने ज्यू माणूस आपल्या स्वतःच्या हक्काने येतो, १९७० च्या दुरुस्तीने नवरा-बायको, मुले, नातवंडे यांनाही हक्क दिला. तिला कोट नको नि खिळाही नको. मात्र इथे सगळे अलगद हातात पडते असे आम्ही तिला सांगितले नाही. १९६२ मध्ये रब्बींच्या कचेरीने लग्नाच्या वेळी बेने इस्राएलांच्या आई-आजीची चौकशी करायला लावली होती, आणि १९६४ मध्ये आपले लोक जेरुसलेममध्ये रस्त्यावर उतरले तेव्हा क्नेसेटला आपल्या बाजूने ठराव करावा लागला. हे वाचणाऱ्यांपैकी काही जण तेव्हा तिथे असतील. आणि इस्राएलचे नागरिकत्व घेतले की भारताचे जाते. ओसीआय कार्डावर येता-जाता येते, पण मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. अलिबागकडे तिच्या वडिलांची वाडी आहे. वारसाने आली तर ठेवता येईल, शेजारची दोन गुंठे घ्यायची म्हटली तर नाही. तिने हे सगळे वहीत लिहून घेतले.

जावयाला सहा आठवड्यांनी दुसरी नोकरी मिळाली, पगार कमी. वर्षभर काढून ती तिघे २०२५ च्या उन्हाळ्यात ठाण्याला परतली, आईच्या गुडघ्यांचे निमित्त झाले. मुलगा तिथल्या शाळेत जातो, मराठी बोलतो, मधूनच ‘यल्ला’ म्हणतो. पुढे ठाणे की इस्राएल, ते अजून ठरत नाही. जावयाला इकडे यायचे आहे, तिला आईवडिलांना सोडवत नाही, आणि या वेळी तिचे म्हणणे ऐकल्याशिवाय काही होणार नाही, असे जावई स्वतःच म्हणाला. पेसाहपर्यंत कळवते, असे तिने लिहिले आहे. लग्नाच्या दाखल्याच्या चार नकला, स्पेलिंग नीट केलेल्या, तिने आमच्याकडे पाठवून ठेवल्या आहेत.