नाक वर आले, भार तसाच राहिला
पिकअपला पुढे जाड लोखंडी बंपर लावण्याची हौस आमच्या खेड्यांतही शिरली आहे. मग गाडी नाक खाली घालते. "टॉर्शन बारचा बोल्ट आवळतो, फादर, लगेच वर येईल," एक मिस्त्री मला म्हणाला. येईलही! परंतु त्याने उंची वाढते, बारची ताकद नव्हे. बंपर आसाच्या पुढे लटकत असल्याने पुढील चाकांवर त्याच्या वजनाहूनही अधिक भार पडतो, अन् मागची चाके तितकी हलकी होतात. असले बंपर कायद्याविरुद्ध आहेत, त्यांवर कारवाई करा, असे केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळविले. तेव्हा विचारणाऱ्यास मी बंपरच उतरवावयास सांगतो. मात्र आवळलेला बोल्टही मग पूर्ववत करावा, चाकांचे अलाइनमेंट व दिव्यांचा रोख तपासून घ्यावा. नाहीतर उचललेल्या नाकाचा उजेड समोरच्या सायकलस्वाराच्या डोळ्यांत जातो.